बाळाला चूप करायचं की शांत करायचं?

मंडळी, परवा जळगावहून एसटीने येत होतो. दुपारची वेळ, गाडी खचाखच, काचा तापलेल्या. पाळधीच्या पुढे एक दोन महिन्यांचं लेकरू रडायला लागलं ते थांबेचना. मग काय, सगळी गाडी डॉक्टर झाली! एकाने मोबाइलवर गाणं लावून बाळाच्या डोळ्यांपुढे धरलं. एक ताई म्हणाल्या, नजर लागली. मागून एक भाऊ म्हणाले, "मेडिकलमधून सर्दीचं सिरप घ्या, दोन थेंबांत झोपतं, आम्ही देतो." ती पोरगी घामाघूम, मान खाली. शेवटी एका म्हाताऱ्या आजीने आपली खिडकीची जागा दिली, लुगड्याचा पदर आडोशाला धरला आणि म्हणाली, "भूक लागनी व्हई त्याले, आठे बस माय." पाच मिनिटांत बाळ शांत.

मला त्या सिरपवाल्या भाऊंचंच वाक्य डोक्यात बसलंय. कारण हे एकट्याचं नाही, घरोघरी चालतं.

सर्दीच्या काही औषधांनी गुंगी येते, हे खरं. पण गुंगी म्हणजे झोप नव्हे. अशाच एका नेहमीच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी 2023 च्या डिसेंबरमध्ये सांगितलं. 2025 मध्ये शेजारच्या छिंदवाड्यात भेसळीच्या खोकल्याच्या सिरपने वीसहून जास्त लेकरं गेली. ती भेसळीची गोष्ट होती, मान्य. पण त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या बाळाला खोकला-सर्दीची औषधं देऊच नका. मग नुसतं रडतं म्हणून द्यायची कशाला?

हे आजचं नाही बरं का. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत बाया कामावर जाताना तान्ह्याला अफूची बाळगोळी चारत. मजुरांविषयीच्या त्या काळच्या सरकारी अहवालांत याची नोंद आहे. त्या आया काय दुष्ट होत्या? पाळी चुकली तर मजुरी बुडायची आणि बाळ सांभाळायला कोणी नाही. आपल्या खान्देशचा कापूस ज्या गिरण्यांत जायचा, त्याच गिरण्यांची ही गोष्ट. आज कापूस वेचणारी आपली बाई निंबाला झोळी बांधून लेकरू टांगते, ती तरी दुसरं काय करणार?

म्हणून म्हणतो, आईला बोल लावणं सोपं आहे. बाळ रडणारच. साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत रडणं वाढतं, दिवेलागणीला जास्त, आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक कमी होतं. भूक, ओला लंगोट, उकाडा, ढेकर अडकलेली, हे आधी बघा. मग छातीशी धरा, हळू झोका द्या. तरी नाही थांबलं तर बाळ दुसऱ्याच्या हातात द्या आणि आईला तासभर झोपू द्या. रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवू नका, मेंदूला इजा होते. वर्षाच्या आत मध चाटवू नका. ताप असेल, दूध ओढत नसेल, हिरवी उलटी होत असेल किंवा रडण्याचा सूरच वेगळा वाटला, तर थेट दवाखाना गाठा.

आता गावाचं काम. आशाताई बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांत ठरलेल्या भेटी देतात. ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि देशभर गेली. त्या भेटीच्या वेळी सासूबाई आणि बाळाचा बाप दोघांनीही समोर बसावं. बापाने "मला काय कळतं" म्हणून ओट्यावर जाऊन बसू नये.

दुसरं, हिरकणी कक्ष. नाव दिलंय रायगडाचा कडा उतरून लेकराकडे धावलेल्या आईचं. मग कोणत्याही स्टँडवर तो कुलपात किंवा सामानाने भरलेला दिसला, तर आपण विचारायचं. किल्ली कोणाकडे असते? पंखा चालतो का?

तिसरं, पाळणाघर. पन्नासपेक्षा जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघर हवं, हे 1948 च्या कारखाने कायद्यातच लिहिलं गेलं. 2005 च्या रोजगार हमी कायद्यातही कामावर पाच लहान मुलं असली तर त्यांच्याकडे बघायला एक बाई नेमायची तरतूद होती. शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईसाठी मात्र असं काहीच नाही. वेचणीच्या दोन-तीन महिन्यांत तरी ग्रामपंचायतीने एक खोली, दोन झोळ्या आणि एका आजीला मानधन एवढं करायला काय हरकत आहे? येत्या ग्रामसभेत आमच्याकडे मी हा विषय मांडणार आहे. तुम्ही तुमच्या गावात मांडा.

त्या एसटीतल्या आजीने औषध दिलं नाही, उपदेश केला नाही. जागा दिली आणि आडोसा दिला. गावानेही तेवढंच करायचंय.

पटलं तर सांगा, नाही पटलं तरी सांगा. आणि घरातल्या बापमाणसांना हे नक्की वाचायला द्या.