उपग्रहाला न दिसणारी खोली

ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटले आणि चुंगथांगचे तिस्ता-३ धरण वाहून गेले. उपग्रह अशा सरोवराचा विस्तार दाखवतो. गढूळ पाण्याखालचा तळ नाही. त्यासाठी हवा भरण्याची लहान रबरी नाव सुमारे ५,००० मीटर उंचीवर चढवून न्यावी लागते. नावेवरील प्रतिध्वनीमापक ध्वनिस्पंद सोडतो. तो तळावरून परतण्यास लागलेल्या वेळेवरून खोली कळते. थंड गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४०० मीटर असतो. म्हणजे एक दशांश सेकंदाचा विलंब ७० मीटर खोली सांगतो.

ही मोजणी नसेल, तर पाणीसाठा क्षेत्रफळावरून अंदाजावा लागतो आणि पुराचा इशाराही त्या अंदाजावरच विसंबतो. म्हणूनच धोकादायक सरोवरांची खोली ठरावीक काळाने मोजणे हे मोजक्या संशोधकांचे साहस न राहता शासनाचे नियमित कर्तव्य व्हायला हवे.