लेकराला धाप लागते तेव्हा

वस्तीतल्या माताभगिनी आम्हाला हमखास विचारतात, "भाऊ, डॉक्टर दमा आहे म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मग औषध कशाचं देतो?" प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही, आकडेमोड करणारे कारकून. पण अडीच वर्षांच्या धाकटीसाठी दोन हिवाळे दवाखान्याच्या बाकावर काढल्याने जे पक्के कळले ते सांगतो.

मोठ्या माणसाला नळीत जोराने फुंकायला लावून दमा तपासता येतो. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला ते नीट जमत नाही. शिवाय या वयात श्वासनळ्या मुळातच अरुंद. साध्या सर्दीनेही त्या सुजतात आणि छातीत शिट्टी वाजते. अशी पुष्कळ मुले शाळेच्या वयापर्यंत बरी होतात, काहींचा पुढे दमा ठरतो. म्हणून डॉक्टर घाईने नाव देत नाही. घरात कोणाला दमा आहे काय, लेकराला इसब आहे काय, सर्दी नसतानाही रात्री खोकला येतो काय, खेळताना-हसताना धाप लागते काय, हे तो विचारतो. तारखा वहीत लिहून ठेवा. आमच्या साध्या वहीचा डॉक्टरांना फार उपयोग झाला. मात्र शेंगदाणा-फुटाणा खाताना ठसका लागून एकाएकी शिट्टी सुरू झाली, तर दाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो. तडक मोठे रुग्णालय गाठावे.

"पंपाची सवय लागते," असे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. आता हिशेब पाहा. साल्ब्युटामॉलच्या पातळ औषधाच्या ५ मिलिलिटर चमच्यात साधारण २ मिलिग्रॅम औषध असते, पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक चमचा वीस फवाऱ्यांइतका! तोही अंगभर फिरणार. फवारा थेट छातीत जातो. लहान लेकराला तो मास्क लावलेल्या स्पेसरमधूनच द्यावा. स्पेसर परवडत नसेल तर केप टाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवून दिले आहे, की अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली नीट बसवली तर तेच काम करते. ती कशी बसवायची हे डॉक्टर किंवा नर्सताईंकडून शिकून घ्यावे. सूज कमी करणारा रोजचा पंप वेगळा. तो बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये आणि दिल्यावर लेकराचे तोंड पुसावे.

बिडी, चूल, मच्छर अगरबत्ती यांचा धूर या लेकरांचा वैरी. खोलीबाहेर ओढलेल्या बिडीचा वासही कपड्यांवरून आत येतो. वंदनेच्या वेळी आमच्या घरी आता फुले असतात, अगरबत्ती नसते. आजीबाई आधी कुरकुरल्या, मग नातीचा खोकला ऐकून गप्प झाल्या. हैदराबादला मृगाच्या सुमारास दम्यावर जिवंत मासा गिळायला देतात. त्यासाठी उसनवार करून गाडीत बसणारेही आहेत. त्या पैशात पंप येतो. आणि "आईने गरोदरपणी थंड खाल्लं म्हणून असं झालं," हे बोलणे तर बंदच करा.

लेकरू शांत झोपले असता पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास चाळीस किंवा त्याहून जास्त भरला तर डॉक्टरांना दाखवा. बरगड्यांखाली खड्डा पडतो, दूध-पाणी घेववत नाही, रडण्याचा आवाज फुटत नाही, ओठ निळसर दिसतात, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रिक्षाचे पैसे आम्ही वहीच्या पुठ्ठ्यातच ठेवतो.