अठरा पूर्ण झाली, आता पुढे काय?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त एका वाढदिवसाचं.

सिडकोत आमच्या शेजारी राहणाऱ्या मुलाला मागच्या आठवड्यात अठरा वर्षं पूर्ण झाली. केक, फुगे, समोसे, सगळं साग्रसंगीत होतं. त्याला डाउन सिंड्रोम आहे. स्वारी खूष होती, येणाऱ्या प्रत्येकाला स्वतः पाणी आणून देत होती. आणि त्याची आई स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "काकू, जूनपासून याची शाळा बंद. आता हा दिवसभर घरात करणार काय?"

इतरांच्या घरी मुलगा अठराचा झाला की आईबापांना वाटतं, चला, आता मार्गाला लागला. या घरात अठरावं वर्ष म्हणजे होती ती वाटही संपणं. कायद्यानं मोफत शिक्षणाचा हक्क आहे तोही अठरापर्यंतच.

त्या रात्री मला माझा एक विद्यार्थी आठवत राहिला. गोष्ट ऐंशीच्या दशकातली, मी जुन्या शहरातल्या एका शाळेत शिकवत होते तेव्हाची. त्याला वाचता येत नव्हतं, बेरीज जमत नव्हती. आम्ही शिक्षक त्याला सरळ 'ढ' म्हणायचो, याची आज लाज वाटते. एकदा आमचा शिपाई आजारी पडायच्या बेतात होता, म्हणून त्यानं या मुलाला घड्याळासमोर उभं करून दाखवलं, मोठा काटा इथं आला की टोल द्यायचा. आठ दिवस तो शेजारी उभा राहिला, मग रजेवर गेला. पुढे महिनाभर शाळेची घंटा त्या मुलानं दिली. एकदाही चुकला नाही!

सातवीनंतर त्याची शाळा सुटली. पुढे कित्येक वर्षं मी त्याला घराच्या ओट्यावर नुसता बसलेला पाहायची. "बाई, नमस्ते" म्हणायचा. हा मुलगा वेळेवर, न चुकता काम करतो हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्याच्या आईबापांना मी ते कधी सांगितलंसुद्धा नाही. त्याचं कौतुक केलं आणि विसरून गेले.

तेव्हापासून कायदे पुष्कळ सुधारले. १९९५च्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांत अपंगांना ३ टक्के आरक्षण होतं, पण त्यात बौद्धिक अक्षमता असणाऱ्यांना जागाच नव्हती. २०१६च्या कायद्यानं ते ४ टक्के केलं आणि त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून दिला. चांगलंच झालं. पण सरकारी नोकरी म्हटली की शिक्षणाची अट आली, बहुतेक ठिकाणी परीक्षा आली. शेजारच्या मुलासारख्याच्या हाती त्यातलं काय लागणार?

दुसरी वाट कार्यशाळेची. महाराष्ट्रात या कामाला मोठी परंपरा आहे. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ साली 'प्रबोधिनी' सुरू केली, कोल्हापुरात 'चेतना' आहे. शाळेनंतर मुलांच्या हाताला काम हवं, हे समाजाला कळण्याच्या आधी या मंडळींना कळलं. त्यांच्यापुढे मी हात जोडते. ज्यांना कायम आधार लागतो त्यांच्यासाठी कार्यशाळा हव्यातच.

पण एक गोष्ट खटकते ती बोलायला हवी. बऱ्याच ठिकाणी काम म्हणजे पणत्या, मेणबत्त्या, राख्या, पाकिटं. दिवाळीच्या प्रदर्शनात आपण त्या घेतो, "किती छान केलंय हो" म्हणतो आणि घरी येतो. पण आपल्या शहरात पणत्या रंगवायला माणूस पगारावर कोण ठेवतं? मुलगा चाळिशीचा झाला तरी 'प्रशिक्षणार्थी'च राहतो आणि हातात पगाराऐवजी थोडं मानधन पडतं.

माझं म्हणणं असं, की आपण क्रम उलटा लावला आहे. आधी सगळं शिकवायचं आणि मग काम शोधायचं, हे या मुलांच्या बाबतीत फारसं चालत नाही. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं, हीच तर त्यांची मोठी अडचण. शाळेच्या टेबलावर घड्या घालायला शिकलेला मुलगा दुकानाच्या गर्दीत गोंधळतो. मग आधी जागाच शोधावी आणि शिकवायचं ते तिथंच शिकवावं. अमेरिकेत ऐंशीच्या दशकापासून ही पद्धत रुळली. सोबत एक माणूस असतो, त्याला 'जॉब कोच' म्हणतात. तो कामाचे लहान लहान भाग पाडतो, पहिले काही आठवडे शेजारी उभा राहतो आणि हळूहळू मागे सरकतो. आमच्या शिपायानं वेगळं काय केलं होतं? त्या बापड्याला नाव माहीत नव्हतं, इतकंच.

आपल्याकडेही हे होतंय. लेमन ट्री या हॉटेलवाल्यांनी २००७ पासून मूकबधिरांना आणि पुढे डाउन सिंड्रोम असलेल्यांनाही नोकऱ्या दिल्या. मुंबईत जुहूला २०१८ साली 'कॅफे अर्पण' निघालं, तिथं अशीच मुलंमुली स्वयंपाकघरात आणि टेबलांवर काम करू लागली.

तुम्ही म्हणाल, ते मुंबईत. आपल्याकडे कोण घेणार? वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या मोठ्या कंपन्यांची वाट बघत बसू नये असं मला वाटतं. किराणा दुकानात साखर-डाळीच्या पिशव्या भरायला, लाँड्रीत घड्या घालायला, रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायला, वाचनालयात पुस्तकं जागेवर लावायला माणूस लागतोच. विशेष शाळांनी मुलगा पंधरा-सोळाचा असतानाच घरापासून चालत किंवा एका बसनं जाता येईल अशा कामांची यादी करावी. आणि पणत्यांच्या आधी शिकवावं ते हे: एकट्यानं बसमध्ये चढणं, सुटे पैसे सांभाळणं, डबा खाऊन वेळेवर परत येणं, "मला समजलं नाही" असं सांगणं. माझ्या मते काम बहुतेकदा यातच अडतं, हातात नाही.

आईबापांची भीती खोटी नाही. मुलाला कोणी चिडवेल, फसवेल; मुलगी असेल तर झोपच उडते. म्हणून तर जागा ओळखीची हवी आणि सुरुवातीला सोबत माणूस हवा. दुकानदारांनाही एक सांगणं आहे. दया म्हणून ठेवू नका. दयेनं ठेवलेला मुलगा धंदा मंदावला की पहिला घरी जातो. कामासाठी ठेवा, काम मोजा आणि पगार द्या, थोडा का होईना पण पगार.

आता प्रश्न उरतो, हा सोबतचा माणूस आणायचा कुठून? तर मंडळी, तो आपल्यातच आहे. या शहरात माझ्यासारखे निवृत्त शिक्षक काय कमी आहेत? तेच तेच शंभरदा न चिडता सांगण्यात आपली हयात गेली. वेळही आहे.

टीव्ही सेंटरजवळ माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं किराणा दुकान आहे. त्याच्याशी बोलले. थोडा विचार करून म्हणाला, "बाई, महिनाभर बघू. रोज दोन तास." शेजारच्या मुलाच्या शाळेतल्या बाईंनी पिशवी भरण्याच्या पायऱ्यांची चित्रं काढून दिली आहेत: पिशवी उघड, काट्यावर ठेव, आकडा जुळव, तोंड बांध. सोमवारपासून मी त्याच्याबरोबर जाणार आहे. माझे गुडघे बोलतात हल्ली, पण दुकानात स्टूल आहे.

जमेल की नाही, आज सांगता येत नाही. जमलं नाही तर दुसरं दुकान बघू. पण यावेळी नुसतं कौतुक करून विसरायचं नाही, एवढं ठरवलंय.

तुमच्या ओळखीत असं घर असेल, असं दुकान असेल, तर बोलून बघा. आणि काय झालं ते मला जरूर कळवा.