गच्चीवरचा कोबी आणि त्याचा हिशेब



आमची सूनबाई वाशीच्या बाजारातून बोराएवढाले कोबी घेऊन आली. ब्रसेल्स स्प्राउट म्हणतात त्याला. उंच बुंध्यावर प्रत्येक पानाच्या बेचक्यात एकेक गड्डा धरतो. भाव ऐकून मी म्हणालो, एवढे पैसे कशाला? गच्चीवर लावू.

जुन्नरकडे आयुष्यभर कोबी पिकवला, तरी नवी मुंबईत मार खाल्ला. या पिकाला सलग तीन-चार महिने गारवा हवा. १५ ते १८ अंश मानवतात. इथे जानेवारीत पहाटे चादर लागते, पण दुपारी पारा तिशीला भिडतो. मग गड्डे आवळत नाहीत, गुलाबासारखे उमलतात. युरिया जास्त झाला तरी तेच.

मातीची गोष्ट तर विचारूच नका. ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची भातशेती, खाजणे, मिठागरे घेऊन हे शहर वसले. आमच्या इमारतीच्या आवारात खणले तर मुरमाचा भराव लागतो. कुंडीसाठी माती विकत आणली!

डिसेंबरात चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळ्या आल्या. शेतात कोबीच्या कडेने मोहरी लावतो, तशी दोन कुंड्या मोहरी ठेवली होती. पाच टक्के निंबोळी अर्क फवारला. खालची पिवळी पाने काढली, बुंध्याला काठी दिली, फेब्रुवारीत शेंडा खुडला. आठ रोपांचा माल निघाला पाऊण किलो.

सूनबाईने माती, कुंड्या, रोपे यांचा खर्च मांडला. मजुरी धरलीच नव्हती. म्हटले, रोज सकाळचा अर्धा तास माझा, तो धर. आकडा पाहून ती गप्प झाली. शेजारचे गृहस्थ मात्र हसले. हेच गृहस्थ हातगाडीवर साध्या कोबीसाठी दोन रुपयांची घासाघीस करतात.

विदेशी भाज्या लावा, पैसा होईल, असे सांगणारे आता गावोगाव भेटतात. रायगड-ठाण्यातल्या भावांनी आधी आपल्या दुपारचे ऊन मोजावे आणि घेणारा कोण, ते लेखी घ्यावे. हौसेचे नुकसान पाऊण किलोत भागते, एकराचे भागत नाही.

त्या कुंड्यांत आता मेथी टाकली आहे. कोबीवर्गातले पुन्हा लावले तर घाण्या रोगाची भीती. ऑक्टोबरात नव्या मातीत नवलकोल लावणार. तो दोन महिन्यांत हाती येतो.