डोंगर राखला कुणी?

फिलिपाइन्समधल्या लुझॉन बेटाच्या उत्तरेला कॉर्डिलेरा ही डोंगररांग आहे. पुलाग हे तिथलं सर्वांत उंच शिखर, सुमारे २९०० मीटरचं. इथे राहणाऱ्या इफुगाव, बोन्तोक, कालिंगा, इबालोय अशा जमातींना मिळून इगोरोत म्हणतात, म्हणजे डोंगरातली माणसं. खालच्या सपाटीवर स्पेनने तीनशेहून अधिक वर्षं राज्य केलं, पण हे डोंगर त्याच्या हाती पुरते कधी आलेच नाहीत. मग अमेरिका आली, आणि १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात इगोरोतांना बघ्यांपुढे मांडलं गेलं.

आता बघण्याची तऱ्हा बदलली आहे. १९९५ साली इफुगावांची डोंगरउतारावरची भातखाचरं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. वीस पेसोच्या नोटेवरही ती छापली गेली. ती दोन हजार वर्षांपूर्वीची, असं पर्यटकांना सांगितलं जातं. स्टीफन अकाबादो या पुरातत्त्वज्ञाच्या संशोधनानुसार मात्र बरीचशी खाचरं चारेकशे वर्षांतली, स्पॅनिश सैन्य आल्यावर लोक डोंगरात सरकले तेव्हाची आहेत. मला तर हा इतिहास जास्त मोलाचा वाटतो. शरण न जाणाऱ्यांनी ती बांधली!

पण बांधली म्हणजे कुणी? फोटोत दगडी बांध दिसतात, आणि बांध घालणं, डागडुजी करणं हे तिथे पुरुषांचं काम. पाण्याखालच्या चिखलात जे चालतं ते फोटोत येत नाही. लावणी, खुरपणी, कापणी बायका करतात. तिनावोन हे तिथलं जुनं भात वर्षातून एकदाच येतं. कापणीच्या आधी बाई खाचरात उतरते आणि पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी चांगल्या लोंब्या निवडून वेगळ्या काढते. कुठलं वाण कुठल्या उंचीवर, कुठल्या पाण्यावर येईल, हे तिला ठाऊक असतं. बांध ढासळला तर पुन्हा रचता येतो. बियाणं एकदा गेलं की गेलं. तरीही बांधाला अभियांत्रिकी म्हणायचं आणि बियाणं निवडण्याला घरकाम, हे आपल्याकडेही काही वेगळं नाही.

‘हुडहुड’ ही इफुगावांची गाथा. पेरणीला, कापणीला आणि मयताच्या जागरणाला ती गायली जाते. गाणाऱ्या बहुतेक वयस्क बायका. एक जण पुढे सांगते, बाकीच्या साथ धरतात. आपल्या जात्यावरच्या ओवीशी ओळख असलेल्या बाईला त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. सगळी गायची तर काही दिवस लागतात. २००१ साली युनेस्कोने हुडहुडचाही गौरव केला, आणि त्याच वर्षी भातखाचरं ‘धोक्यातल्या वारशा’च्या यादीत टाकली. खाचरं पडीक राहत होती, तरुण माणसं बाहेर पडत होती. २०१२ साली त्या यादीतून ती निघाली, पण सुटलेली शेती काही यादीबरोबर परत येत नाही. ज्या मुलीने आजीशेजारी कापणीला उभं राहायचं, ती शहरात वा परदेशात दुसऱ्याचं घर सांभाळत असेल, तर गाथा शिकणार कधी?

इफुगावांमध्ये जुन्या रिवाजाने थोरल्या अपत्याला भाताच्या जमिनीचा मोठा वाटा मिळतो, मग तो मुलगा असो की मुलगी. म्हणजे तिथली परंपरा बाईला सरसकट बाहेर ठेवते, असंही नाही. बाहेर ठेवलं जातं ते निर्णयाच्या वेळी.

मैत्रिणींनो, चिको नदीची गोष्ट यासाठीच सांगायला हवी. १९७० च्या दशकात मार्कोसच्या हुकूमशाहीत या नदीवर चार धरणांचा घाट घातला गेला. कालिंगा आणि बोन्तोक गावं बुडणार होती. सर्वेक्षणाचे तंबू पडले तेव्हा गावच्या बायकांनी ते उखडले. काहींनी अंगावरचे कपडे काढून अधिकाऱ्यांना आव्हान दिलं. आईच्या वयाच्या बाईचं असं उघडं अंग पाहणं तिथे अशुभ मानलं जातं. पाहणाऱ्यांच्या लक्षात एवढंच राहिलं. त्यामागची रात्रंदिवसाची राखण आणि संघटना मात्र विसरली गेली. बोन्तोक भागातल्या मैनित गावात पेत्रा माक्लि-इंग यांच्या पुढाकाराने बायकांनीच खाण कंपनीची माणसं परत पाठवली होती.

२४ एप्रिल १९८० रोजी बुगनायचे पुढारी माक्लि-इंग दुलाग यांना सैनिकांनी गोळ्या घालून मारलं. त्यांच्या हौतात्म्याबद्दल दुमत नाही. धरणं अखेर रद्द झाली. अशा अनुभवांनंतर, १९८२ साली जागतिक बँकेला आदिवासींसंबंधी पहिलं धोरण काढावं लागलं. त्याच बँकेने १९८५ साली सरदार सरोवराला कर्ज दिलं आणि १९९३ साली ते अर्धवट सोडलं. म्हणजे आपल्या मणिबेलीच्या लढ्याआधी एक लढा चिकोकाठी झाला होता.

बुगनायला या लढ्याचं स्मारक उभं राहिलं. दुलाग, पेद्रो दुन्गोक, लुम्बाया गायुदान, तिघेही पुरुष. जानेवारी २०२१ मध्ये सरकारी यंत्रणेने तेही पाडलं. पाडलं याचा निषेध करायलाच हवा. आणि पुन्हा उभारताना तंबू उखडणाऱ्या बायका त्यात कुठे असतील, हेही विचारायला हवं.

१९९७ च्या कायद्यानुसार आदिवासींच्या जमिनीवर प्रकल्प आणायचा तर त्यांची संमती लागते, आणि ती त्यांच्या रिवाजाप्रमाणे घ्यायची असते. त्याच कायद्यात स्त्रियांना निर्णयात समान हक्क आहे. पण रिवाजाप्रमाणे म्हटलं की ज्येष्ठांना बोलावलं जातं, आणि ज्येष्ठ म्हणजे बहुधा पुरुष. मग कंपनीचं काम सोपं होतं. मोजक्या माणसांना गाठायचं, झालं! ‘आमच्या परंपरेत ढवळाढवळ नको’ असं तेव्हा आपलेच पुरुष सोबती म्हणतात, ते मला पटत नाही. हुडहुड गाणाऱ्या म्हाताऱ्याही परंपराच आहेत. जिने बियाणं निवडलं तिचा अंगठा वा सही त्या संमतीच्या कागदावर नसेल, तर तो कागद अपुरा धरावा, एवढी मागणी आहे.