सबर सांगणारे पुष्कळ, सोबत येणारे कुठे?

आपल्या मोहल्ल्यातल्या संस्था रुग्णवाहिका चालवतात, रक्तदान शिबिरे घेतात, डायलिसिसला मदत करतात. पण नोकरी गेल्यापासून झोप उडालेला, खोलीबाहेर न पडणारा तरुण त्यांच्या दारात आला, तर त्याला काय मिळते? "सबर कर, नमाज पढ." जणू नैराश्य म्हणजे ईमान कच्चे! मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिनऐवजी कुणी हा सल्ला देतो का? नमाजने आधार मिळतो. तिच्या नावाने उपचाराची वाट अडवू नका.

हे आधुनिक खूळ आहे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास वाचावा. सुलतान कलावूनने 1284 साली कैरोत उभारलेल्या इस्पितळात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता आणि इस्पितळाचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले.

सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 वर मोफत आहे, जरूर वापरा. पण फोन ठेवल्यावर डॉक्टरपर्यंत सोबत कोण जाणार? औषधाचे आणि बसभाड्याचे पैसे कोण देणार? बभ्रा होणार नाही, याची हमी कोण देणार? हे काम संस्थेचेच आहे.

मागणी साधी आहे. ट्रस्टच्या कचेरीत आठवड्यातून एक संध्याकाळ, ऐकून घेण्याचे प्रशिक्षण मिळालेले दोन स्वयंसेवक, त्यांतली एक स्त्री, आणि औषधांसाठी वेगळी रक्कम. निदान डॉक्टर करतील. येत्या वार्षिक सभेत उभे राहून हे मागा. 'पैसे नाहीत' म्हणाले, तर गेल्या जलशाच्या मंडपाचा हिशेब विचारा.