वकिलाची कुंडली

माझी मामेबहीण जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. गेल्या वर्षी विधी सेवा प्राधिकरणाकडून तिच्याकडे एका खुनाच्या आरोपीची केस आली. वकील लावायला त्याच्याकडे पैसे नव्हते. तिनं केस घेतली आणि तिसऱ्या दिवशी तिचा कॉलेजमधला फोटो तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरायला लागला. खाली तिची सगळी कुंडली: वडील काय करायचे, लग्न कुणाशी झालं, जात कोणती, याआधी ‘असल्या’ किती जणांना सोडवलं. शेवटी हात जोडलेला इमोजी आणि ‘हिला ओळखून ठेवा’.

मला तो मेसेज आमच्या घरच्याच ग्रुपवर मिळाला. मी तिला फोन लावला. काळजीपोटी लावतोय असं स्वतःला सांगितलं होतं, पण तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते हे: “ताई, तुला नाही म्हणता आलं नसतं का?”

“त्याच्याविरुद्ध पुरावा काय आहे, सांग बरं,” ती म्हणाली.

“मला कसं माहीत असणार?”

“आरोपपत्र वाचलंस?”

“नाही.”

“गावात कुणीच वाचलेलं नाही. कुणीतरी वाचायला पाहिजे ना? तेवढंच माझं काम आहे.”

फोन ठेवल्यावर मला लाज वाटली. मी सॉफ्टवेअर लिहितो. दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय माझ्या कोडची एक ओळही पुढे जात नाही, आणि चुका काढणाऱ्या टेस्टरला आमच्याकडे कुणी कंपनीचा शत्रू म्हणत नाही. एखाद्या ॲपच्या बटणासाठी आम्ही एवढी काळजी घेतो. इथे तर एका माणसाला जन्मठेप किंवा फाशी व्हायची शक्यता आहे, आणि मी मात्र विचारतोय की तपासणारा हवाच कशाला?

वकिलांना काही विचारूच नका, ते सगळे साधुसंत आहेत, असं मी म्हणणार नाही. वकिलाची चौकशी जरूर करा, कडक करा. माझी तक्रार एवढीच आहे की आपण नेमका चुकीचा प्रश्न विचारतो, आणि तोही एकाच बाजूच्या वकिलाला.

दगड आणि एक रास्त आक्षेप

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या वेळी मी शाळेत होतो. १६६ माणसं मारली गेली. जिवंत हाती लागलेला एकच हल्लेखोर, अजमल कसाब. त्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असा ठराव मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांच्या बार असोसिएशननं त्याच डिसेंबरात केला. मार्च २००९ च्या शेवटी विशेष न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी ॲड. अंजली वाघमारे यांची कसाबच्या वकील म्हणून नेमणूक केली. त्याच रात्री त्यांच्या वरळीच्या घरासमोर शिवसैनिक जमले, घोषणा झाल्या, दगड आले. नेमणूक न्यायालयाची आणि दगड वकिलाच्या घरावर. आमच्या घरात तेव्हा या दगडांचं कौतुकच झालं होतं. मीही टाळ्या वाजवल्या असतील, आता आठवत नाही.

यानंतरचा भाग मात्र फारशा कुणाच्या लक्षात नाही. वाघमारे यांनी जबाबदारी स्वीकारली, पण एप्रिलच्या मध्यावर न्यायालयानंच त्यांना दूर केलं. कारण त्या याच हल्ल्यातल्या एका पीडिताच्या वतीनं नुकसानभरपाईच्या दाव्यातही वकील होत्या. एकाच घटनेतल्या दोन बाजूंचं वकीलपत्र एका व्यक्तीकडे असू शकत नाही. आक्षेप रास्त होता, तो न्यायालयात मांडला गेला आणि न्यायालयानं दखल घेतली.

त्या दोन आठवड्यांत एकाच वकिलावर दोन प्रकारचे आक्षेप आले. एक दगडाचा: तू याची वकील का झालीस? दुसरा व्यवसायनीतीचा: तुझे दोन अशील एकमेकांच्या विरुद्ध बाजूला आहेत का? पहिल्यातून भीतीशिवाय काही हाती लागलं नाही. दुसऱ्यामुळे खटला सुधारला. आपल्याला मात्र पहिलाच आठवतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्यानं कधीच देऊन ठेवलंय. अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये आहे. भारतीय बार कौन्सिलचे नियम तर सांगतात की ज्या न्यायालयात तुम्ही वकिली करता तिथलं काम योग्य फी मिळत असेल तर तुम्ही घेतलं पाहिजे. विशेष कारण असेल तरच नाकारा. आणि अशील दोषी आहे की नाही याबद्दल तुमचं खासगी मत काहीही असो, त्याचा बचाव निर्भयपणे करा. म्हणजे ‘केस का घेतली’ हा ज्याला आपण नीतीचा प्रश्न समजतो, तिथे खरं तर केस नाकारणाऱ्यालाच उत्तर द्यावं लागतं.

बहिष्काराचे ठराव बेकायदा आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१० मध्ये स्पष्ट सांगितलं. ते प्रकरण कसल्या आरोपींचं होतं, माहितीय? अतिरेक्यांचं नव्हे. कोइमतूरच्या वकिलांचं पोलिसांशी भांडण झालं होतं आणि आरोपी पोलिसांचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असा तिथल्या बारनं ठराव केला होता. आज ज्यांना बचावाचा हक्क म्हणजे अतिरेक्यांचे लाड वाटतात त्यांनी हे लक्षात ठेवावं. ज्याच्यावर गर्दीचा राग, त्याला वकील नाही, असं एकदा ठरलं की उद्या गर्दी कुणावर रागावेल याची खात्री नसते. खाकी वर्दीचीही नसते.

‘त्याचा इतिहास बघा’

पार्श्वभूमीचं काय, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी शाहिद आझमी यांच्याकडे यायला हवं. मुंबईतला मुलगा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर, कोवळ्या वयात, काश्मीरमध्ये अतिरेक्यांच्या छावणीपर्यंत जाऊन परत आला. १९९४ मध्ये टाडाखाली अटक झाली. तिहारमध्ये वर्षं गेली. तुरुंगातच त्यानं शिक्षण पुढे चालू ठेवलं, बाहेर आल्यावर कायद्याची पदवी घेतली आणि दहशतवादाच्या आरोपांत अडकलेल्या, पैसे नसलेल्या माणसांची वकिली सुरू केली.

यापेक्षा ‘संशयास्पद’ कुंडली कुठली असणार? व्हॉट्सॲपवर टाकायला सगळा मसाला तयार. हाच वकील २६/११ च्या खटल्यात फहीम अन्सारीसाठी उभा राहिला. फहीमवर आरोप असा होता की त्यानं हल्ल्याच्या ठिकाणांचे हातानं नकाशे काढून दिले आणि त्यातला एक, गिरगाव चौपाटीजवळ मारल्या गेलेल्या अबू इस्माईलच्या पँटच्या खिशात सापडला. बचावाचा प्रश्न साधा होता: मृतदेहाचे कपडे रक्तानं माखलेले, मग खिशातला कागद स्वच्छ कसा? या प्रश्नाला वकिलाच्या भूतकाळानं काय फरक पडतो? कागदावर एक तर रक्त असतं किंवा नसतं. प्रश्न विचारणारा तिहारमधून आला की ऑक्सफर्डमधून, यानं डाग उमटत नाहीत.

११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात अशील म्हणून आलेल्या माणसांनी आझमी यांना गोळ्या घातल्या. वय ३२. तीन महिन्यांनी, मे २०१० मध्ये, कसाबला फाशी सुनावणाऱ्या त्याच ताहिलियानी यांनी फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोघांना निर्दोष सोडलं. उच्च न्यायालयानं २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये तो निकाल कायम ठेवला. कसाबची फाशी आणि या दोघांची सुटका, दोन्हींवर तिन्ही पायऱ्यांवर शिक्कामोर्तब झालं. जी व्यवस्था यातला फरक ओळखू शकली ती बचावाच्या वकिलामुळे ओळखू शकली.

कुणी म्हणेल, मग गुन्हेगारांनीही खुशाल काळा कोट घालावा? नाही. त्याचाही विचार कायद्यात आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला वकिलीची सनद मिळत नाही. सुटकेनंतर दोन वर्षांनी ही अपात्रता संपते. हा नियम तुम्हाला सैल वाटत असेल तर बदलायची मागणी करा. पण नियम पाळून सनद मिळालेल्या माणसाला दर केसला नव्यानं ‘तू कोण, कुठला’ असं विचारणं ही जातपंचायत झाली.

बिर्याणी कुणी शिजवली?

आता दुसऱ्या बाजूच्या वकिलाकडे बघू. कसाब तुरुंगात मटण बिर्याणी मागतो, ही गोष्ट तुम्ही ऐकली असणार. माझ्या पिढीला २६/११ च्या खटल्यातलं दुसरं काही आठवो न आठवो, बिर्याणी आठवते. ती निवडणुकीच्या भाषणांत आली, मीममध्ये आली, ‘यांचे लाड पुरवतात’ या वाक्याचा पुरावा बनली.

मार्च २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतः सांगितलं की कसाबनं बिर्याणी मागितली नव्हती, सरकारनं दिलीही नव्हती. रक्षाबंधनाच्या सुमारास कसाबच्या डोळ्यांत पाणी आल्याच्या बातम्यांनी सहानुभूतीचं वातावरण तयार होत होतं, ते मोडण्यासाठी ही गोष्ट आपण रचली, असा त्यांचा खुलासा होता.

चालू खटल्यात सरकारी वकील आरोपीबद्दल खोटी गोष्ट रचून पत्रकारांना सांगतो आणि पुढे अभिमानानं कबूलही करतो. यावर कुणाच्या घरासमोर गर्दी जमली? २०१६ मध्ये निकम यांना पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये लोकसभेची उमेदवारी मिळाली, २०२५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. त्यांनी अनेक मोठे खटले चालवले हे मान्य. पण प्रश्न व्यवसायनीतीचा असेल तर ती दोन्ही टेबलांना लागू होते. निर्दोष माणसाला शिक्षा होईल अशा रीतीनं सरकारी वकिलानं खटला चालवू नये, असं बार कौन्सिलच्या नियमांत मुद्दाम लिहिलंय, कारण त्याच्यामागे सगळं सरकार उभं असतं.

आणि त्या खोट्याची गरजही नव्हती. कसाबविरुद्ध छायाचित्रं होती, सीसीटीव्ही होतं, प्रत्यक्ष बघणारे साक्षीदार होते. सर्वोच्च न्यायालयात त्याच्या बाजूनं मांडणी करायला राजू रामचंद्रन यांच्यासारखे ज्येष्ठ वकील न्यायालयानं नेमले, आणि तरीही फाशी टिकली. त्या निकालाला जगात किंमत मिळाली ती समोर खरा बचाव उभा होता म्हणून. बिर्याणीनं त्यात काडीची भर घातली नाही. फक्त आपल्याला एक वाईट सवय लावली: आरोपीला मिळणारा प्रत्येक हक्क म्हणजे बिर्याणीची प्लेट समजायची.

मग वकिलाला विचारायचं काय?

समोरच्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा हा आहे की वकील खरंच वाईट वागतात. साक्षीदार फोडतात, तारखांवर तारखा घेतात, पीडितेला कोर्टात उभं करून तिची लक्तरं काढतात. खरं आहे. दिल्लीच्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणात बचावाचे नामवंत वकील आर. के. आनंद साक्षीदाराशी संधान बांधताना २००७ मध्ये एनडीटीव्हीच्या छुप्या कॅमेऱ्यात सापडले, आणि सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवलं. निर्भया प्रकरणातल्या आरोपींच्या दोन वकिलांनी २०१५ मध्ये बीबीसीच्या माहितीपटात बायकांबद्दल जी मुक्ताफळं उधळली, त्याबद्दल बार कौन्सिलनं त्यांना कारणे दाखवा नोटीस काढली.

या दोन्ही ठिकाणी चौकशी पत्रकारांनी आणि लोकांनीच सुरू केली, आणि ती योग्यच होती. आनंद यांना कुणी ‘श्रीमंताच्या पोराची केस का घेतली’ म्हणून दोषी ठरवलं नाही. साक्षीदाराला विकत घ्यायला गेले म्हणून ठरवलं. प्रश्न अशील कोण याचा नव्हता, वकिलानं काय केलं याचा होता.

म्हणून विचारायचंच असेल तर हे विचारा: साक्षीदाराला धमकावलं का? खोटं कागदपत्र ठेवलं का? दोन्ही बाजूंकडून पैसे घेतले का? बलात्काराच्या खटल्यात पीडितेचं चारित्र्य उकरलं का, जे करायला कायद्यानं मनाई आहे? यातलं काही घडलं असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. वकिलाला ताकीद मिळू शकते, सनद निलंबित होऊ शकते, कायमची जाऊही शकते. हे काम फोटो फॉरवर्ड करण्यापेक्षा कंटाळवाणं आहे. तारीख लागते, पुरावा लागतो, स्वतःचं नाव खाली लिहावं लागतं. म्हणूनच आपण फोटो फॉरवर्ड करतो.

आणि याची किंमत शेवटी पीडितच मोजतात. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली. या खटल्यातल्या आरोपींसाठीही आझमी उभे राहिले होते. विशेष न्यायालयानं २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सगळ्या बारांना निर्दोष ठरवलं. प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला द्यायला स्थगिती मिळाली आहे, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडलेलं नाही. शेवट काय होईल तो होवो. तोवर ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली, त्यांना एकोणीस वर्षांनीही कुणी खात्रीनं सांगू शकत नाही की हे कुणी केलं. सुरुवातीलाच जे प्रश्न ऐकून घ्यायला हवे होते ते आपण देशद्रोह म्हणून उडवून लावले, तर सत्य उशिरा येतं, किंवा येतच नाही.

ताईची केस अजून चालू आहे. तिचा अशील दोषी आहे की नाही, मला माहीत नाही. तिनंही कधी सांगितलं नाही, मी विचारत नाही. मध्यंतरी तिची मुलगी शाळेतून रडत आली, एवढं मामीकडून कळलं. मी घरच्या ग्रुपवर त्या जुन्या मेसेजला उत्तर दिलं: “यातल्या कुणी आरोपपत्र वाचलंय का?” दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग एका काकांनी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं आणि सगळ्यांनी त्याला नमस्कार केला.

माझा प्रश्न तिथेच वर आहे. मी तो डिलीट केलेला नाही.